भगतसिंगाचा निबंध आणि 'नास्तिक' नावाचा शिक्का

'मी नास्तिक का आहे?' हा भगतसिंगाचा निबंध पीडीएफ होऊन फोनवर फिरतो, रीलमध्ये दोन-दोन ओळींनी येतो, पुस्तक प्रदर्शनात पातळ पुस्तिकेच्या रूपात हाती लागतो. तो वाचलेल्यांपेक्षा वाचल्यासारखा वाटणाऱ्यांचीच संख्या जास्त असावी. देव नाही हे सिद्ध करणारा निबंध, अशी त्याची ख्याती. ती ऐकून कोणी तो उघडला, तर सुरुवातीलाच थोडा गोंधळ होतो. कारण बराच वेळ देव आरोपीच्या पिंजऱ्यात येतच नाही. तिथे भगतसिंग स्वतः उभा आहे. नास्तिक असल्याचं तर त्याला मान्यच आहे. त्याच्यावरचा आरोप आहे अहंकारी असल्याचा.

(त्याचा उल्लेख मी एकेरी करते आहे. हे लिहिताना तो तेवीस वर्षांचा होता, म्हणजे हा लेख वाचणाऱ्या अनेकांच्या वयाचा.)

माझं म्हणणं थोडक्यात असं: देवाविरुद्धचा युक्तिवाद म्हणून हा निबंध बराचसा ओळखीच्या वाटेने जातो. पण समाजाने मारलेल्या शिक्क्याला दिलेलं उत्तर म्हणून तो असाधारण आहे. आपण तो नेमका उलटा वाचतो. पहिला भाग प्रस्तावना समजून सरकवतो आणि दुसऱ्या भागातली वाक्यं ढाल-तलवारीसारखी वापरतो.

काळ ऑक्टोबर १९३०. स्थळ लाहोरचा तुरुंग. लाहोर कट खटल्याचा निकाल तोंडावर आलेला, आणि तो काय असणार याबद्दल भगतसिंगाला शंका नाही. ७ ऑक्टोबरला फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्याच सुमारास गदर चळवळीतले ज्येष्ठ कैदी बाबा रणधीर सिंग त्याला भेटले. प्रसिद्धीने तुझं डोकं फिरलं आहे, तुझ्या आणि देवाच्या मध्ये तुझा अहंकार उभा आहे, असं त्यांनी सुनावल्याचं सांगितलं जातं. निबंधाला निमित्त झालं ते असल्या बोलण्याचं. मूळ लेखन इंग्रजीत. २३ मार्च १९३१ ला फाशी झाली आणि सहा महिन्यांनी, २७ सप्टेंबर १९३१ रोजी, लाला लजपतराय यांनी सुरू केलेल्या लाहोरच्या 'द पीपल' साप्ताहिकात निबंध छापून आला. पुढे पेरियार यांच्या चळवळीने तो तमिळमध्ये आणला, अनुवाद पी. जीवानंदम यांचा. आपल्यापर्यंत तो अशा हातांमधून पोचला आहे.

आरोप नीट ऐकून घेणं

भगतसिंग आरोप झटकत नाही. आधी तो स्वतःची झडती घेतो. आपण माणूस आहोत, दोष आपल्यातही असणार. आपण हुकूमशहासारखे वागतो असं काही मित्र म्हणतात, बटुकेश्वर दत्तनेही कधीकधी तसं म्हटलं आहे, हे तो न विचारता सांगून टाकतो. मग तो अभिमानाचे दोन भाग करतो. चळवळीचा, विचाराचा अभिमान वेगळा आणि स्वतःच्या मोठेपणाची नशा वेगळी. पहिला आहे, दुसरी आहे का ते तपासू, असा त्याचा सूर आहे.

पुढची पायरी तर्काची. अहंकारामुळे माणूस नास्तिक होईल तरी कसा? एकतर तो स्वतःला देवाचा प्रतिस्पर्धी समजेल, नाहीतर स्वतःलाच देव समजेल. पण दोन्ही बाबतींत कुठेतरी देव आहे हे त्याने मानलेलं असणार. मग तो नास्तिक कसला? हा युक्तिवाद वाचताना हसू येतं, आणि वकिलाने साक्षीदाराला शांतपणे कोपऱ्यात नेल्यासारखंही वाटतं.

शेवटी येतात तारखा. आजोबा कट्टर आर्यसमाजी. लाहोरच्या डीएव्ही शाळेत असताना सकाळ-संध्याकाळ प्रार्थना आणि वर तासन्‌तास गायत्री मंत्र. वडील उदारमतवादी, पण श्रद्धाळू. मुलाने रोज प्रार्थना करावी असं सांगणारे. शंका सुरू झाल्या त्या नॅशनल कॉलेजात. मग क्रांतिकारकांची संगत, मग वाचन: बाकुनिन, मार्क्स, लेनिन, ट्रॉटस्की. १९२६ संपता संपता मत पक्कं झालं. तेव्हा त्याला ओळखत होतं कोण? मे १९२७ मध्ये पहिली अटक झाली. पोलीस अधिकारी फाशीची भीती घालत होते आणि दोन्ही वेळा प्रार्थना करत जा असा सल्लाही देत होते. शांततेच्या दिवसांत नास्तिक राहायचं आणि संकटात हात जोडायचे का, हा प्रश्न त्याने तेव्हा स्वतःला विचारला आणि उत्तर 'नाही' असं निघालं. प्रसिद्धी आली ती नंतर. म्हणजे प्रसिद्धीने नास्तिक केलं, हा आरोप कालक्रमातच बसत नाही.

फाशीचा निकाल आठवड्यावर आलेला माणूस स्वतःच्या स्वभावाचा पंचनामा इतक्या थंड डोक्याने करतो, हे या निबंधाचं खरं वैभव. आरोप करणाऱ्यांना तो मूर्ख म्हणत नाही. त्यांचं देवावर प्रेम आहे, आपल्यावरही आहे, हे त्याला दिसतं. तरीही तो त्यांचं ऐकून घेत नाही.

अहंकारच का?

नास्तिकावर नेमका अहंकाराचाच आरोप का व्हावा? आपल्या बोलीभाषेत उत्तर सापडतं. देव न मानणाऱ्याबद्दल घरात काय बोललं जातं ते आठवून पाहा. 'फार शहाणा झालाय.' 'चार बुकं शिकली आणि देवाला विसरली.' 'वेळ आली की बरोबर हात जोडेल.' 'आमच्यासमोर अक्कल पाजळू नको.' या वाक्यांमध्ये देव आहे की नाही याची चर्चा कुठेच नाही. चर्चा आहे ती वागण्याची, मानेच्या ताठपणाची.

कारण आपल्याकडे श्रद्धा फक्त मनात राहत नाही, ती शरीराने दाखवायची असते. वाकायचं, पाया पडायचं, डोकं टेकवायचं, प्रसाद उजव्या हातात घ्यायचा. लहान मुलाला देवाची ओळख होते ती 'जय कर बाप्पाला' अशी, हात जुळवून. म्हणून जो वाकत नाही, त्याचं विश्वाबद्दल काही वेगळं मत आहे असं कोणाला वाटत नाही. तो उद्धट आहे, एवढंच दिसतं. शिवाय वाकायचं असतं ते देवासमोर आणि देवासमोर उभं करणाऱ्या वडीलधाऱ्यांसमोर, एकदमच. मुलाने आरतीला यायचं नाकारलं की बाबांना देवाचा अपमान वाटण्याआधी स्वतःचा वाटतो.

दुसरा पुरावा एका छोट्या शब्दाचा. 'नास्तिक आहे, पण माणूस चांगला आहे.' हा 'पण' कौतुकाच्या वेशात येतो. 'आस्तिक आहे, पण माणूस चांगला आहे' असं कोणी म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. आणि नास्तिक माणूस खूपच चांगला निघाला, तर त्याला आपण काय म्हणतो? देवमाणूस. चांगुलपणासाठी आपल्याकडे सगळ्यात वरचा शब्द तोच आहे. (त्याच नावाच्या मालिकेतला डॉक्टर काय निघाला, ते सगळ्यांना माहीत आहे.)

शब्द आधीपासूनच सामाजिक

'नास्तिक' म्हणजे देव न मानणारा, हा अर्थ आज आपल्याला स्वयंसिद्ध वाटतो. जुन्या व्यवहारात तसं नव्हतं. पाणिनीच्या व्याकरणात आस्तिक आणि नास्तिक हे शब्द 'आहे' आणि 'नाही' अशा मतावरून साधलेले आहेत, आणि टीकाकार ते परलोकाला लावतात. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. तत्त्वज्ञानाच्या परंपरेत तर गंमतच आहे. सांख्यांना ईश्वराची गरज वाटत नाही, मीमांसक जगाचा निर्माता मानत नाहीत, तरी दोघेही आस्तिक दर्शनांच्या रांगेत बसतात, कारण वेद मानतात. बौद्ध, जैन आणि चार्वाक नास्तिकांच्या रांगेत, कारण वेद मानत नाहीत.

म्हणजे तुझं देवाबद्दल काय मत आहे, हा प्रश्न दुय्यम होता. तू कोणाच्या बाजूचा, कोणाचा अधिकार मानतोस, हा पहिला. 'पाखंड' या शब्दाचंही असंच झालं. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे नुसता संप्रदाय किंवा पंथ, आणि सगळ्या पासंडांचा मान राखावा असं तो राजा सांगतो. नंतर तोच शब्द शिवी झाला. शिक्क्यांचं हे नेहमीचं आहे: आधी ते गटाचं नाव असतात, मग गुन्ह्याचं होतात.

हे लक्षात घेतलं की रणधीर सिंगांचा राग वेगळा दिसू लागतो. आपला पोरगा आपल्या रांगेतून बाहेर निघाला, हे दुःख त्यात आहे. भगतसिंग उत्तर देतो ते त्या दुःखालाही.

देवाविरुद्धचा खटला

आता निबंधाचा दुसरा भाग, ज्यातली वाक्यं सगळीकडे फिरतात. जग दुःखाने भरलेलं आहे, मग ते सर्वशक्तिमान आणि दयाळू देवाने का घडवलं, हा प्रश्न त्याच्या आधी शेकडो वर्षं विचारला गेला होता. डार्विनचा उल्लेख येतो आणि चार वाक्यांत संपतो. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे नवं फार सापडणार नाही, आणि श्रद्धावान माणूस यातल्या बहुतेक प्रश्नांना सरावलेला असतो. नुसता हा भाग घेऊन कोणी काकांशी वाद घालायला गेला, तर काका चहा संपेपर्यंत टिकतात आणि जिंकूनही जातात.

पण याच भागात दोन जागा अशा आहेत की तिथे वाचक थांबतो.

पहिली जागा कर्मविपाकाची. मागच्या जन्मीच्या पापाची शिक्षा म्हणून या जन्मीचं दारिद्र्य, या कल्पनेला भगतसिंग कायद्याच्या अंगाने भिडतो. शिक्षेचे हेतू तीन मानले जातात: सूड, दहशत आणि सुधारणा. यातला सुधारणेचाच हेतू सुसंस्कृत समाजाला शोभतो. मग माणसाला गाय, कुत्रा किंवा मांजर करून सुधारणा कोणती होते? मागच्या जन्मी मी गाढव होतो म्हणून सुधारलो, असं सांगणारा कोणी भेटला आहे का? आणि गरिबी ही शिक्षा असेल, तर ती माणसाला आणखी गुन्हे करायला लावणारी शिक्षा आहे. अस्पृश्य ठरवलेल्या जातीत जन्मलेल्या मुलाचं अज्ञान, त्याच्या वाट्याची हेटाळणी, याचा जबाब कोणी द्यायचा? वेद कानावर पडले म्हणून शूद्राच्या कानात शिसं ओतायला सांगणाऱ्या शास्त्राचा जबाब कोणी द्यायचा? स्वतः शिक्षेची वाट पाहणारा कैदी देवाच्या दंडसंहितेची समीक्षा करतो आहे, हे विसरून हा उतारा वाचताच येत नाही. इथे त्याचा विषय अमूर्त ईश्वर राहत नाही. शिक्क्यांचीच एक मोठी व्यवस्था समोर येते, जन्माबरोबर कपाळी मारली जाणारी.

दुसरी जागा त्याच्या मवाळपणाची, आणि ती बहुतेक वेळा नजरेतून सुटते. देव ही शोषकांनी रचलेली युक्ती आहे, असं म्हणणारे जहाल विचारवंत होते. भगतसिंग त्यांच्याशी असहमत आहे. माणसाला स्वतःच्या मर्यादा कळल्या, संकटात धीर हवा होता, म्हणून त्याने देव कल्पिला, असं तो म्हणतो. सगळ्यांनी टाकलेल्या माणसाला आई, बाप, भाऊ, मित्र म्हणून कोणीतरी हवं असतं, हे त्याला समजतं. श्रद्धेने दुःख हलकं होतं, कधी सुखाचंही वाटतं, हे तो कबूल करतो. मग स्वतःबद्दल सांगतो: मला तो आधार नाही. गळ्याला दोर लागेल आणि पायाखालची फळी सरकेल, तो क्षण शेवटचा. पुढे काही नाही. स्वर्ग नाही, पुनर्जन्म नाही, बक्षीस नाही.

श्रद्धेत काय मिळतं हे ज्याला नीट माहीत आहे, त्याने ते नाकारण्याला वजन असतं. ज्याने कधी गरजच ओळखली नाही, त्याचं नाकारणं स्वस्त असतं. मला हा निबंध पटतो तो या वाक्यांपाशी.

टोपी आणि फेटा

या माणसाचं आपण काय केलं? १९२८ साली वेश बदलण्यासाठी त्याने केस आणि दाढी उतरवली होती. १९२९ मधला त्याचा प्रसिद्ध फोटो फेल्ट हॅटमधला आहे. रिक्षाच्या मागे, टी-शर्टवर आणि कॅलेंडरवर मात्र पिवळ्या फेट्यातला, मिशीला पीळ दिलेला चेहरा दिसतो. तो चित्रकारांच्या कल्पनेतून आला. चित्रात फेटा चढला आणि हॅट गेली, तसंच हुतात्मा राहिला आणि नास्तिक गळून गेला. २३ मार्चच्या स्टेटसवर निबंधाचं शीर्षक क्वचितच दिसतं. बलिदान स्वीकारलं, विचार बाजूला ठेवला. मोठ्या माणसाची नास्तिकता हा आपण त्याच्या स्वभावातला एक खट्याळपणा म्हणून खपवून घेतो.

मोठेपणा येण्याआधी मात्र तशी सूट नसते. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केलं आणि बुद्धीला पटेल तेच मानायचं असं लिहू लागले, तेव्हा पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. शिक्क्याचा याहून स्पष्ट नमुना सापडणार नाही. आमच्या हिशेबी तू मेलास, एवढंच सांगायचं होतं. आगरकर १८९५ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, खरोखर गेले. आज त्यांच्या नावाच्या शाळा आहेत आणि तिथेही सरस्वतीपूजन होतं.

कोणाला कोणता शिक्का

या निबंधात एक गोष्ट नाही, आणि ती आपली आपणच भरून काढावी लागते. शिक्का सगळ्यांना सारखा बसत नाही. घराचा, जातीचा, धर्माचा आणि लिंगाचा विचार करून तो मारला जातो.

हमीद दलवाई घ्या. 'लाट' मधल्या कथा आणि 'इंधन' ही कादंबरी लिहिणारा ताकदीचा मराठी लेखक. २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांच्या समाजातले अनेक जण त्यांना धर्मबुडवा म्हणाले. बाहेरच्यांपैकी अनेकांनी त्यांना 'चांगला मुसलमान' म्हणून डोक्यावर घेतलं. दोन्ही शिक्क्यांत 'मुसलमान' कायमच राहिला. १९७७ मध्ये ते गेले. कोणत्याही धार्मिक विधीविना दहन व्हावं, ही त्यांची इच्छा होती. कोणत्याही खान्यात न बसणाऱ्या माणसाला शेवटच्या क्षणीही खाना स्वतःच पुसावा लागला.

नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांतल्या पहिल्याच प्रतिज्ञा देवदेवतांना नाकारणाऱ्या आहेत. खरं तर महाराष्ट्रातला देव नाकारणारा सगळ्यात मोठा समूह हाच. पण त्यांना 'नास्तिक' म्हटलेलं ऐकलं आहे? त्यांच्यासाठी 'जयभीमवाले' हा शब्द राखून ठेवलेला असतो, म्हणजे पुन्हा जातच. सवर्ण घरातल्या मुलाने देव नाकारला की तो 'बुद्धिवादी', 'विज्ञाननिष्ठ', फार तर 'विक्षिप्त'. त्याचं नाकारणं व्यक्तीचं मत ठरतं. दलित घरातल्या मुलाचं तेच नाकारणं मत म्हणून मोजलंच जात नाही.

आणि बाई. निबंधात घरातले येतात ते आजोबा आणि वडील. आपल्या घरात मात्र धर्माचं रोजचं काम बहुतेक बायका करतात. नवरा हॉलमध्ये बसून नास्तिक असतो, तेव्हा आत कोणीतरी एकवीस मोदक वळत असतं. त्याची नास्तिकता घराला परवडते, कारण त्याच्या वाटचं दुसरं कोणी करतं. सून म्हणाली की मार्गशीर्षातले गुरुवार मी धरणार नाही, वटपौर्णिमेला जाणार नाही, तर तिला नास्तिक कोणी म्हणत नाही. तिला म्हणतात, 'माहेरी काही शिकवलं नाही वाटतं.' मुलगा बिघडला तर पुस्तकांमुळे, सून बिघडली तर आईमुळे. स्वतःचं मत असण्याचा दोषसुद्धा तिच्या नावावर लागत नाही. म्हणून माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी देव न मानता गप्प राहतात आणि उपवासाला 'डाएट आहे' असं म्हणून मोकळ्या होतात.

रकाना

सरकारी कागदावर या सगळ्याचं काय होतं? २०११ च्या जनगणनेत सहा धर्मांसाठी क्रमांक होते, बाकीच्यांनी नाव लिहून द्यायचं. 'नास्तिक' असं लिहून दिलेल्यांची संख्या देशभरात सुमारे ३३ हजार निघाली. सव्वाशे कोटींच्या देशात ती एवढीच असेल यावर माझा विश्वास नाही. पण घरी आलेल्या प्रगणकाला उत्तर बहुधा कुटुंबप्रमुख देतो, आणि त्याच्या पाठीमागे कोण उभं आहे हे फॉर्ममध्ये येत नाही.

कायद्याची गंमत वेगळीच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार जो मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नाही, त्याला साधारणपणे हिंदू कायदाच लागू होतो. हिंदू घरात जन्मलेला नास्तिक देवळात गेला नाही तरी कायद्याच्या छत्रीखाली हिंदूच. उलटा प्रकार इंग्रजांच्या काळात झाला होता. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन वगैरे कोणताच धर्म मानत नाही असं जाहीर करावं लागे. जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या श्रद्धाळू जोडप्यांनाही निधर्मी असल्याचं लिहून द्यावं लागलं. १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती ही अट सैल झाली. कायदा एका काळी देव मानणाऱ्यांना न मानणारे ठरवतो, आणि दुसऱ्या काळी न मानणाऱ्यांना मानणाऱ्यांच्या यादीत घालतो.

सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र स्पष्ट सांगितलं की सरकार कोणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही, आणि 'मी कोणत्याही धर्माचा नाही' असं म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मला त्याहूनही आवडते ती राज्यघटनेतली शपथेची सोय. मंत्री ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करू शकतो. दुसरा पर्याय निवडणाऱ्याला नास्तिक म्हणून वेगळ्या रांगेत उभं केलं जात नाही. घटना त्याला फक्त विचारते, शब्द पाळशील ना?

शिक्का स्वतःच लावून घेणं

याच्या उलटा मोह आपल्या पिढीचा आहे: शिक्का अभिमानाने मिरवण्याचा. इन्स्टाच्या बायोमध्ये 'नास्तिक', शेजारी कॉफीचा कप आणि डोंगराचं चित्र. यात धाडस असतंच, छोट्या गावात तर नक्कीच. पण बिल्ला लावला की विचार करायचं काम संपल्यासारखं वाटू लागतं. भगतसिंगाने बिल्ला लावला नाही. 'का' या शब्दावर त्याने आख्खा निबंध लिहिला.

महाराष्ट्रात या बाबतीत एक सुंदर मतभेद जाहीरपणे झाला. डॉ. श्रीराम लागू म्हणायचे, परमेश्वराला निवृत्त करा. डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हणायचे, आमची समिती देवाधर्माबद्दल तटस्थ आहे, लढा शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेशी आहे. दोघे एकाच व्यासपीठावर बसून, लोकांसमोर, मित्रासारखे भांडत. लागूंनी शिक्का स्वतः उचलून कपाळी लावला, दाभोलकरांनी तो विचारपूर्वक बाजूला ठेवला. पण शिक्का मारणाऱ्यांना हा फरक समजून घ्यायचा नव्हता. दाभोलकरांना धर्मविरोधी ठरवलं गेलं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या लांबलचक नावात 'अंधश्रद्धा' हा शब्द नाही, आणि यात्रा, भजन, कीर्तन यांना धक्का लागणार नाही, हे कायद्यातच लिहावं लागलं. एका शब्दाची भीती किती असते, ते यावरून मोजता येतं.

म्हणून मला वाटतं, 'मी नास्तिक का आहे?' वाचावा तो आरोप वेगवेगळे करायला शिकण्यासाठी. घरात वाद पेटतो तेव्हा सगळं एकत्र कालवलेलं असतं. देव आहे का, हा एक प्रश्न. आजीला फुलं आणून द्यायची का, हा दुसरा, आणि त्याचं उत्तर 'हो' असू शकतं. मोदक कोणी वळायचे, हा तिसरा. पत्रिका पाहून मुलगी नाकारायची का, हा चौथा, आणि तिथे गप्प बसणं परवडणारं नाही. 'अतिशहाणी' हा एकच शब्द या चारही प्रश्नांवर मारला जातो. भगतसिंगाने केलं ते एवढंच की तो शब्द हातात घेऊन उलटापालटा केला आणि यात माझं काय आणि तुमचं काय, ते वेगळं काढून दाखवलं.

निबंधाच्या शेवटी एक मित्र त्याला प्रार्थना करायला सांगतो. मी नास्तिक आहे म्हटल्यावर मित्र म्हणतो, शेवटच्या दिवसांत करशील. भगतसिंगाचं उत्तर असं की तसं करणं माझ्या दृष्टीने अधःपतन ठरेल, स्वार्थासाठी मी प्रार्थना करणार नाही. आणि मग तो वाचकांना विचारतो, हा अहंकार आहे का, ते तुम्हीच ठरवा.

यावर निवाडा देताना देव आहे की नाही, हे आधी ठरवावं लागत नाही. देव मानणाऱ्या माझ्या आईनेही हा निबंध वाचून तो दिला आहे. म्हणाली, 'खोटं वागला नाही, एवढं बास.'